टीमच्या मालकीचं पोट

तो चिमटा पहिल्यांदा माझ्या पोटाला लागला तेव्हा ओला होता. माझ्या आधी ज्याची मापं झाली त्याच्या घामाने. जिमवाल्याने तो पुसलाही नाही, नुसता हवेत एकदा झटकला आणि माझ्याकडे वळला. एक थेंब माझ्या मनगटावर उडाला. मी तो पँटला पुसला आणि शर्टाची बटणं सोडायला लागलो. तिथेच मागे फिरायला हवं होतं असं आज वाटतं, पण नोकरीच्या ठिकाणी माणूस असल्या गोष्टींवरून मागे फिरत नाही.

खराडीत तेव्हा आयटीच्या इमारती नव्याने उभ्या राहत होत्या. आमच्या काचेच्या इमारतीला लागूनच कुणाचं तरी शेत होतं आणि दुपारी कॅन्टीनच्या खिडकीतून म्हशी चरताना दिसायच्या. मी मूळचा अकोल्याचा. इंजिनिअर होऊन पुण्यात आलो, लग्न झालं, स्वारगेटच्या मागच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं राहत होतो. सकाळी स्वारगेटहून कंपनीची बस मिळायची आणि संध्याकाळी तीच बस परत आणून सोडायची. मधला सगळा वेळ खुर्चीत बसून जायचा.

मी जाड होतो. आमच्या नात्यात याला 'अंगानं भरलेला' म्हणतात, पण आरशात जे दिसायचं ते जाडच होतं. बसमध्ये माझ्या शेजारी शक्यतो कुणी बसायचं नाही, आणि बसलंच तर एक पाय मधल्या वाटेत काढून बसायचं. मला त्याची सवय झाली होती. चिडवणारे कॉलेजपासून होतेच. पण तोपर्यंत माझं पोट निदान माझ्यापुरतं होतं. लोक बघायचे, हसायचे आणि आपल्या कामाला लागायचे.

एक दिवस एचआरच्या मॅडमचा मेल आला. सगळ्या टीमची मिळून एक स्पर्धा ठेवली होती. प्रत्येक टीमने चरबी उतरवायची, वजन नाही. सुरुवातीला सगळ्यांची चरबीची टक्केवारी मोजायची, तीन महिन्यांनी पुन्हा मोजायची आणि ज्या टीमची एकूण टक्केवारी सर्वांत जास्त उतरेल तिला खडकवासल्याच्या बॅकवॉटरला एका रिसॉर्टवर शनिवार-रविवार. मोजायला शेजारच्या नव्या जिममधला ट्रेनर येणार होता. पहिल्याच दिवशी त्याने कॅन्टीनमध्ये उभं राहून आम्हाला समजावलं. "वजनात पाणी येतं, हाडं येतात, मसल येतात. वजनकाटा फसवतो. खरं काय ते चिमटा सांगतो." त्याचा टी-शर्ट इतका घट्ट होता की तो बोलताना सगळ्यांचं लक्ष त्याच्या दंडांकडेच होतं.

मापं घ्यायची पद्धत अशी. छातीवर, बेंबीच्या बाजूला आणि मांडीवर स्केचपेनने एकेक फुली मारायची. त्या जागची कातडी अंगठा आणि तर्जनीत धरून चरबीसकट वर ओढायची, खालच्या स्नायूपासून सुटी करायची आणि त्या घडीला चिमटा लावायचा. चिमट्यावर एक गोल तबकडी असते, तिच्यातला काटा स्थिर झाला की आकडा वाचायचा. तिन्ही आकडे आणि वय कॉम्प्युटरमध्ये घातलं की टक्केवारी येते. बायकांची मापं एचआरच्या केबिनमध्ये एक बाई घेणार होत्या. पुरुषांना कसला आडोसा? कॅरमच्या खोलीत व्हाइटबोर्डचा स्टँड आडवा लावला होता. बोर्ड गुडघ्यापर्यंतच येत होता, त्यामुळे मांडीचं माप घ्यायची वेळ आली की बाहेर रांगेत उभ्या असलेल्यांना घोट्याशी गोळा झालेली पँट व्यवस्थित दिसायची.

जिमवाल्याची बोटं गार होती आणि त्यांना पावडरीचा वास येत होता. छातीची घडी त्याने पटकन उचलली. पोटापाशी आल्यावर त्याला एका हाताने जमेना. त्याने चिमटा दातात धरला, हो, दातात, आणि दोन्ही हातांनी माझं पोट गोळा केलं, कणकेचा गोळा परातीतून उचलावा तसं. मग दातातला चिमटा काढून लावायला गेला, तर चिमट्याचं तोंड पुरेना.

"सर, हे एवढंच उघडतं," तो म्हणाला, आणि मग बोर्डाच्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात, "काटा पार शेवटाला गेला!"

बाहेर हशा पिकला. माझ्या पोटावर त्याची थुंकी लागली होती. मला एवढंच आठवतं की मी शर्टाच्या आतून ती जागा पुसत होतो आणि जिमवाला मांडीवर फुली मारायला खाली वाकला होता.

आमचा टीम लीड बोर्डाच्या बाजूने डोकावला. हा पुण्याचाच, माझ्याहून थोडा लहान, दर रविवारी सिंहगड पळत चढणारा, काडीसारखा माणूस. त्याने कॉम्प्युटरवरचा माझा आकडा पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे, हे तर भारीच झालं," तो म्हणाला. "आमच्यासारख्यांकडे उतरवायला आहेच काय? सगळं याच्याकडेच आहे. आपण जिंकलो म्हणून समजा!"

त्याने माझ्या पोटावर दोनदा थोपटलं. मी अजून बटणं लावत होतो.

त्या दिवसापासून माझं पोट टीमचं झालं.

जेवणाच्या सुट्टीत माझा डबा मी उघडायच्या आधी दुसरंच कुणीतरी उघडायला लागलं. बायको सकाळी उठून पोळी-भाजी, कधी भरीत, कधी झुणका द्यायची. लीड झाकण काढून बघायचा आणि म्हणायचा, "तेल बघ किती आहे! तुला जिंकायचं आहे का नाही?" मग माझा डबा टेबलावर फिरायचा, सगळे मिळून तो संपवायचे आणि माझ्यासमोर कॅन्टीनमधून आणलेलं दुधीचं सूप यायचं. हिरवट, कोमट, वर साय धरल्यासारखा पापुद्रा. माझ्या बायकोच्या हातचं भरीत खात, बोटं चाटत, ते मला सूप संपवायला सांगायचे. मी संपवायचो. आजही दुधी किसल्याचा वास आला की मी स्वयंपाकघरातून बाहेर जातो.

पुढच्या आठवड्यात लीडने स्वतःच एक चिमटा विकत आणला. पिवळ्या प्लास्टिकचा, स्वस्तातला, त्याला तबकडी नव्हती, नुसत्या रेघा होत्या. तो त्याने त्याच्या टेबलावर पेनांच्या डब्यात उभा ठेवला. शुक्रवारी दुपारी, कामं जरा सैल झाली की तो माझ्या खुर्चीपाशी यायचा.

"चल, घडी दाखव."

"इथे?"

"मग काय पडदे लावू? दोन मिनिटांचं काम आहे."

मी शर्ट वर करायचो. आपण बसलोय, समोर कोड उघडं आहे, शेजारचा फोनवर परदेशातल्या क्लायंटशी बोलतोय, आणि एक माणूस वाकून आपल्या पोटावर स्केचपेनने फुली मारतोय, चिमटा लावून रेघा मोजतोय. आकडा उतरला असेल तर तो बोटाने सगळ्यांना खूण करायचा. उतरला नसेल तर "काल काय खाल्लंस? खरं सांग" अशी चौकशी व्हायची. हळूहळू बाकीच्यांनाही चटक लागली. पाणी प्यायला उठलो की येता-जाता कुणी तरी पोटाची घडी दोन बोटांत धरायचं आणि सोडायचं. काहींची बोटं तेलकट असायची. काहींनी नुकतीच नाकात घातलेली मी पाहिलेली असायची. रविवारी मंडईत जाऊन वांगी दाबून बघतो आपण, त्यापेक्षा वेगळं काही नव्हतं ते, फक्त वांग्यांना मागे सरकता येत नाही आणि मी सरकत नव्हतो.

का सरकत नव्हतो हे बायकोनेही विचारलं. मापाच्या फुल्या मी आंघोळीत घासायचो, पण तो स्केचपेन सहजासहजी निघत नसे. एका रविवारी पाठ चोळून द्यायला ती आत आली आणि तिला बेंबीजवळची निळी फुली दिसली.

"हे काय आहे?"

मी सांगितलं. डब्याचंही सांगितलं. भरीत कोण खातं हे कळल्यावर तिचा हात थांबला.

"तुम्ही 'नाही' म्हणत का नाही?"

"पुढच्या महिन्यात अप्रेझल आहे."

"म्हणून पोट द्यायचं का त्यांच्या हातात?"

तिने घासणी घेतली आणि फुली निघेपर्यंत घासलं. कातडी लाल झाली, मग चुरचुरायला लागली. सोमवारपासून तिने डब्यात दोन भाकऱ्या आणि नुसती मेथी द्यायला सुरुवात केली. "घ्या म्हणावं खाऊन," ती म्हणाली. तीही खाल्ली त्यांनी. लीड म्हणाला, "वहिनींना कळलं म्हणायचं एकदाचं."

मला स्वतःचाही वीट यायला लागला होता. चरबी उतरत होती, हे खरं. पट्ट्याचं एक भोक आत गेलं होतं. पण त्याचा आनंद होत नव्हता. सकाळी संडासात बसलो तरी माझी बोटं आपोआप पोटावर जायची आणि घडी उचलून बघायची. पांढरी, केसाळ, मधे एक तीळ. मला ती माझी वाटेनाशी झाली. आपल्या अंगाला कुणाचा तरी माल बांधून दिलाय आणि आपण तो रोज खराडीला नेतो-आणतो आहोत, असं वाटायचं.

त्याच सुमारास आई अकोल्याहून आली. येताना तिने पिशवी भरून आणली होती, तिळाची चटणी, पापड, घरचं बेसन. आल्या आल्या तिने माझ्याकडे नीट बघितलं.

"काहून रे, असा उतरला?" ती म्हणाली. "ते पोरगी जेवाले देते ना?"

बायको आतूनच म्हणाली, "मी देते हो आई. हे खातात की नाही ते तुम्हीच विचारा."

आईने दुसऱ्या दिवशी पाटवडीचा रस्सा केला. मी ताटावर बसलो आणि अर्ध्यात थांबलो, कारण शुक्रवारी घडी बघितली जाणार होती. आई समोर बसली होती. तिने पदर सावरायला हात वर केला तेव्हा तिच्या दंडाखाली लोंबणारी कातडी मला दिसली आणि माझा हात पुढे गेला. काय करतोय हे कळायच्या आत मी ती दोन बोटांत धरली होती. आत काहीच नव्हतं. धुऊन वाळत घातलेल्या कापडाची कड धरावी तसं बोटाला बोट लागलं.

"काय मोजतं रे?" आई म्हणाली.

मी हात मागे घेतला. मग सगळं सांगावंच लागलं. कंपनीत चरबी मोजतात, म्हटलं.

"कोनाची?"

"सगळ्यांची. मायी जास्त."

"अन् ते त्याइले कायले पायजे?"

बायको तोंडाला पदर लावून हसली. मलाही हसू आलं. आई मात्र हसली नाही. ती तिच्या दंडाकडे बघत होती.

"तुया आबाच्या अंगाले चिमटीत धराले काईच नव्हतं," ती म्हणाली. आबा म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. मी त्यांना पाहिलेलं नाही. दुसऱ्याच्या शेतात राबणारा माणूस. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि त्यानंतर कुणाच्या दारात भाकर मागायला गेले नाहीत, एवढंच मला ठाऊक होतं. "उघडा झोपला का बरगड्या दिसत. मेल्यावर चौघं पायजेतच कायले, दोघंच नेतीन, असं लोक म्हणत. तुया बापाले नोकरी लागली अन् घरात दोन वेळची चूल पेटली. तू झाला, गुबगुबीत झाला, तवा तुया बापानं गल्लीतल्या घराघरात नेऊन दाखवला होता तुले."

एवढं बोलून ती ताटातल्या वडीकडे बोट दाखवून म्हणाली, "खाय." मी खाल्लं. ताट पुसून खाल्लं. शुक्रवारी लीडने प्लास्टिकचा चिमटा लावला, रेघा बघितल्या आणि म्हणाला, "आई आली आहे वाटतं गावाहून?" सगळे हसले. माझ्या आईचा विषय त्या चिमट्याच्या निमित्ताने त्याच्या तोंडी आला याची मला जेवढी किळस आली तेवढी त्या थुंकीचीही आली नव्हती. तरी मी शर्ट खाली घेतला आणि कामाला लागलो.

शेवटच्या मापाचा दिवस आला. जिमवाला आला, कॅरमच्या खोलीत बोर्ड आडवा झाला. या वेळी त्याने माझी पोटाची घडी एका हातातच धरली आणि चिमटा अलगद बसला. दुपारी निकालाचा मेल आला. आमची टीम पहिली होती, दुसऱ्या मजल्यावरची टीम अगदी थोड्यात मागे राहिली होती. आमच्याकडे आरडाओरडा झाला. लीडने मला मिठी मारली. मला वाटलं, संपलं एकदाचं.

तासाभरात दुसऱ्या टीमचा लीड एचआरच्या मॅडमना घेऊन आमच्या मजल्यावर आला. हा धिप्पाड माणूस होता, कॉलेजात कुस्त्या खेळलेला. त्याचं म्हणणं सरळ होतं. माझं शेवटचं माप चुकीचं घेतलं गेलं. जिमवाल्याने चरबी धरलीच नाही, नुसती वरची कातडी धरली. एवढी चरबी तीन महिन्यांत उतरूच शकत नाही.

"म्हणजे आम्ही चीटिंग केलं?" आमचा लीड म्हणाला.

"मी तसं म्हणालो नाही. परत मोजा म्हणालो."

मॅडमनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि फार समजूतदार आवाजात म्हणाल्या, "आपण असं करू. सगळ्यांसमोरच मोजू. म्हणजे ट्रान्स्परन्सी राहील. चालेल ना?"

हे त्यांनी दोन्ही लीडना विचारलं. मला नाही.

मला खुर्चीतून उठवून मधल्या मोकळ्या जागेत नेलं. मजल्यावरचे सगळे गोळा झाले, खालचेही आले. मॅडम जरा बाजूला तोंड करून उभ्या राहिल्या, पण गेल्या नाहीत. मी शर्ट वर केला. एसीची हवा पोटाला लागली. जिमवाला गुडघ्यावर बसला, त्याने फुली मारली आणि घडी उचलली.

"हे बघा, हे बघा," दुसरा लीड म्हणाला. "वरवर धरताय. आतून घ्या."

जिमवाल्याने आणखी आतून घेतली.

"एवढी कशाला?" आमचा लीड म्हणाला. "एवढी कुणाचीच धरली नव्हती तुम्ही."

"अहो, अशी धरायची असते," म्हणत दुसरा लीड वाकला आणि त्याने स्वतःच्या हाताने माझ्या पोटाचा लचका धरला. पैलवानी बोटं, मी कळवळलो. त्याचा हात काढायला आमच्या लीडने हात घातला आणि मग दोघांचे अंगठे माझ्या पोटात रुतले, एकाचा इकडे, एकाचा तिकडे, मधे जिमवाल्याचा चिमटा. जिमवाल्याच्या कपाळावरचा घाम माझ्या बेंबीवर टपकला. कुणीतरी मोबाइलमध्ये फोटो काढला, तो आवाज मी ऐकला. दुसऱ्या लीडच्या श्वासाला कांद्याचा वास होता. आमचा लीड म्हणत होता, "सोडा, घडी मोठी होतेय, सोडा!" माझं काय होतंय, दुखतंय का, हे त्यात कुठेच नव्हतं. त्यांना घडीची काळजी होती.

मी आधी जिमवाल्याचा हात बाजूला केला, मग एकेकाचं मनगट धरून दोघांचे हात काढले. शर्ट खाली घेतला. मग तो पँटमध्ये खोचला.

"बास. आता कुणी हात लावायचा नाही."

"अरे, एकच रीडिंग," आमचा लीड म्हणाला. "आपण जिंकलोय. फक्त प्रूव्ह करायचं आहे."

"तुमचं पोट उघडं करून दाखवा."

मॅडम पुढे आल्या. "स्पोर्टिंगली घ्या ना. सगळं मजेसाठी आहे."

"मजा तुमची झाली," मी म्हणालो. "माझी एकदाही झाली नाही. आणि हात धुऊन घ्या सगळ्यांनी. मीही धुणार आहे."

मी तिथून टॉयलेटला गेलो आणि बेसिनमध्ये ओकलो. दुपारचं सूप जसंच्या तसं बाहेर आलं, हिरवं. नळ सोडून मी ते घालवलं, तोंड धुतलं, साबण घेऊन शर्टाच्या आत हात घालून पोट धुतलं. शर्ट पुढून ओला झाला. तसाच ओला शर्ट घालून मी जागेवर येऊन बसलो आणि राहिलेलं काम केलं. पेनांच्या डब्यातला पिवळा चिमटा उचलून मी कचऱ्याच्या डब्यात टाकला, लीडच्या देखत.

माप पूर्ण झालं नाही म्हणून आमची टीम बाद झाली. रिसॉर्टवर दुसरी टीम गेली. संध्याकाळी मी गेटबाहेर बसची वाट बघत होतो तेव्हा जिमवाला मोटारसायकलवरून निघाला होता. मला बघून थांबला. ओशाळला असेल असं मला वाटलं. तो हसत होता.

"सर, मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "तुमचं उतरलंय, दिसतंय की. किती ते विचारू नका. घडी थोडी वर-खाली धरली की आकडा हलतो. तुमचे लीड म्हणाले हलकं धरा, त्यांचे लीड म्हणाले दाबून धरा. दोघं आमच्या जिमला माणसं पाठवणार होते. मी तरी कुणाचं ऐकायचं?"

त्याने खिशातून जिमचं कार्ड काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"तुम्ही या. तुम्हाला नीट मोजतो."

मी कार्ड घेतलं नाही. बस आली आणि मी चढलो. हडपसरपर्यंत मी त्या माणसाचे दात आठवत होतो, ज्यात त्याने चिमटा धरला होता.

अप्रेझलमध्ये माझ्या कामाबद्दल चार चांगली वाक्यं होती आणि शेवटी 'टीम स्पिरिट वाढवण्याची गरज' असं होतं. लीडने ते मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "काही बोलायचं आहे?" मी म्हणालो, "स्पेलिंग बरोबर आहे." त्यानंतर काही महिन्यांनी मी हिंजवडीला दुसरी नोकरी धरली. जाण्याच्या दिवशी केक कापला, लीडने त्याचा तुकडा माझ्या तोंडापुढे धरला आणि बाकीचे टाळ्या वाजवत होते. मी तो हातात घेतला आणि मग खाल्ला.

पुढची काही वर्षं मी पूर्वीसारखाच जेवलो, बहुधा जरा जास्तच. सूप बंद झालं होतं, डबा माझा मीच उघडत होतो आणि कुणी "कमी खा" म्हटलं की मी मुद्दाम आणखी एक पोळी घ्यायचो. याची किंमत अर्थात मलाच द्यावी लागली. जिने चढताना दम लागायला लागला, सारखी तहान लागायची. बायको एक दिवस मला ओढून सहकारनगरच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेली. वयस्क गृहस्थ, कमी बोलणारे. रक्ताचा रिपोर्ट बघून त्यांनी साखर वाढल्याचं सांगितलं आणि टेबलाच्या खणातून शिंप्याकडे असते तशी टेप काढली.

"कंबर बघू. शर्ट जरा वर घेता?"

मी शर्टाचं टोक धरलं. वर जाईना. मी धरून तसाच उभा राहिलो. डॉक्टर टेप घेऊन थांबले होते, त्यांची बोटं स्वच्छ होती, नखं कापलेली होती, तरी माझ्या घशाशी तीच हिरवी चव आली. बायकोला कळलं असावं. ती म्हणाली, "अहो, डॉक्टर आहेत ते."

"माहीत आहे," मी म्हणालो. पण शर्ट वर गेला नाही.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग टेपकडे. त्यांनी टेप माझ्या हातात दिली.

"असू द्या. पडद्यामागे जा, तुम्हीच मोजून सांगा. बेंबीच्या वरून घ्या. आणि श्वास ओढून धरू नका, त्याने मला काही फरक पडत नाही."

मी पडद्यामागे गेलो. पडदा जमिनीपर्यंत होता. मी शर्ट वर केला, टेप कमरेभोवती फिरवली आणि आकडा वाचला. बाहेर येऊन त्यांना सांगितला. त्यांनी तो लिहून घेतला, भात कमी करा म्हणाले, रोज चाला म्हणाले, गोळी लिहून दिली.

"अजून काही?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

बाहेर पायऱ्या उतरताना बायकोने विचारलं, "किती आला?" मी सांगितला.

"बरंच आहे," ती म्हणाली.

"हो, बरंच आहे," मी म्हणालो. मग रिक्षा न करता आम्ही स्वारगेटपर्यंत चालत गेलो. मला वाटेत दोनदा थांबावं लागलं. ती दोन्ही वेळा चपलेचा पट्टा नीट करायचं निमित्त करून थांबली.